प्रश्न तिसरा, गुण दहा

"'ओहोटी' या प्रतिमेचे आकलन
अभ्यासलेल्या सिद्धान्तांच्या आधारे स्पष्ट करा."
प्रश्न माझाच. अपेक्षित उत्तरही माझंच,
अकरा वर्षांपूर्वी लिहिलेलं, दर वर्षी झेरॉक्स केलेलं:
ओहोटी म्हणजे आयुष्याचा उतार. ओहोटी म्हणजे रितेपण.
एकोणतीस पोरांनी तेच लिहिलंय,
'रीतेपण' असं, माझ्या जुन्या चुकीसकट.

तिसावी उत्तरपत्रिका हेमांगी गिरपची.
ती लिहिते: ही कविता मी घरी आईला वाचून दाखवली.
आई म्हणाली, "सुकती लागली तर रडता कित्याक मेलो?
कोयती घेवन खडपार चल म्हणान सांग तेका."
खाली रेघ मारून पुढे:
आमच्यात ओहोटीला सुकती म्हणतात.
सुकती असते तेव्हाच कालवं मिळतात.
म्हणून मला ही कविता दुःखाची वाटली नाही, माफ करा.

माफ करा.
लाल पेन उघडंच ठेवून मी पंख्याखाली बसून राहिलो.
मीच शिकवलं होतं ना, फळ्यावर मोठ्या अक्षरात:
संहिता लिहून झाली की लेखक मेला,
आता अर्थ वाचकाचा.
पोरांनी वहीत उतरवून घेतलं, मी पुसून टाकलं.
आणि ही बाई कालवं फोडता फोडता
त्या मेलेल्याला 'मेलो' म्हणून हाक मारते
नि कामाला लावते.

संरचनावाद्याने इथे भरती-ओहोटीची जोडी मांडली असती,
मांडायला हरकत नाही.
स्त्रीवाद कोयतीच्या मुठीपर्यंत पोचला असता.
कुणी कालवांच्या वाट्याचा भाव विचारला असता;
खरं तर तो मीच विचारतो, दर रविवारी,
आणि वर घासाघीस करतो.
चष्मे सगळे माझ्या खणात आहेत.
घाटावरून वेंगुर्ल्यात आलो तेव्हा पेटीत घालून आणले होते.
समुद्र मात्र एकोणीस वर्षं
स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिला.

बाबली शिपायाला विचारलं, सुकती कधी?
त्याने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला:
"आज अवस. पंधराची पाऊणपट, सव्वाअकराक भरती.
सव्वापाचाक सुकती. वारो आसलो तर मागे-पुढे."
मला हेवा वाटला. एवढासा सिद्धान्त,
आणि शेवटी वाऱ्यासाठी राखलेली जागा.

सव्वापाचला खडपावर गेलो, चपला हातात.
पाण्याने सोडलेली जमीन रिती नव्हती.
भोकं, बुडबुडे, तिरके पळणारे खेकडे,
आणि दगडाला घट्ट धरून कालवं,
आत काय आहे ते बाहेरून अजिबात न सांगणारी.
बायका वाकून एकेक उघडत होत्या.
कोयती कुठे घालायची ते ठरलेलं,
पण दर कालवाला मनगट वेगळं वळत होतं.

यातली हेमांगीची आई कुठली, ओळखता येईना.
किती गुण द्यावेत? माझ्या उत्तराप्रमाणे दोन.
प्राचार्यांनी विचारलं तर?
एका शिंपल्याच्या धारेने टाच कापली.
रक्ताचा थेंब डबक्यात पसरला,
त्याची प्रतिमा करायची नाही असं मी ठरवलं.

तेवढ्यात मागून आवाज:
"ओ सर, थंय रवा नको. पाणी फिरलां."

एकोणीस वर्षांवर, असं मी ऐकलं.
पाणी फिरलं, म्हणजे आमच्या गावाकडे
सगळं वाया गेलं.
ती टोपली डोक्यावर घेऊन
माझ्याकडे बघत थांबली होती.
मग घोट्याला काहीतरी गार लागलं.